शाईने रेखलेला सर्बेरस

फळाफुलांतून माणसांचे चेहरे घडवणारा ज्युझेप्पे आर्चिंबोल्दो दरबारी सोहळ्यांचे पोशाखही आखत असे.

■ चित्रकार : जन्म मिलानचा. १५६२ पासून पाव शतक व्हिएन्ना आणि प्राग इथे हाब्सबुर्ग सम्राटांच्या पदरी.

■ पात्र : सर्बेरस. ग्रीक पुराणकथांत पाताळाच्या दाराची राखण करणारा तीन तोंडांचा कुत्रा. या रेखाटनात तो दोन पायांवर उभा आहे, कारण हे सोंग माणसाने अंगावर चढवायचं होतं.

■ तंत्र : लेखणीच्या बारीक रेषा आणि त्यावर पाणी घालून पातळ केलेल्या निळ्या शाईचे हलके हात. सावली, घड्या, उठाव सारं एकाच रंगात.

■ संच : पोशाख, शिरोभूषणं आणि सजवलेल्या घसरगाड्या यांची १४८ रेखाटनं, सर्बेरस त्यांतलाच एक. १५८५ मध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ याला अर्पण.

■ निमित्त : लग्नं, मिरवणुका, शस्त्रक्रीडा. १५७१ मध्ये व्हिएन्नात आर्चड्यूक कार्ल याच्या लग्नाच्या सोहळ्यातही आर्चिंबोल्दोचा हात होता.

■ मोल : सोहळा एक-दोन दिवसांचा, त्यातली वस्त्रं, मुखवटे सहसा टिकत नाहीत. म्हणून सोळाव्या शतकातला हा थाट समजून घ्यायला असे कागदच कामी येतात.

■ आज कुठे : फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात, रेखाचित्रं आणि मुद्राचित्रं यांच्या विभागात.

■ जाता जाता : याच रुडॉल्फला आर्चिंबोल्दोने पुढे फळंभाज्यांतून ‘व्हर्टम्नस’ हा ऋतूंचा रोमन देव म्हणून रंगवलं. ते चित्र स्वीडनमधल्या स्कोक्लोस्टर वाड्यात आहे.