राजधानीचे पाणी

रायगडावर लेख मागताना संपादकांच्या मनात राजसदर, नगारखाना, बाजारपेठ आणि समाधी ही सर्वपरिचित स्थळेच असावीत. परंतु महादरवाजा ओलांडून वर आल्यावर हत्ती तलावाच्या दगडी बांधाशी माझे पाऊल जे थबकले, ते पुढे राजवाड्याच्या चौथऱ्यांवर फिरतानाही मन त्या बांधापासून सुटले नाही.

गडाचा इतिहास मराठी वाचकास ठाऊक आहे. 1656 मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून घेतलेली रायरी, म्हणजेच हा रायगड, राजगडानंतर स्वराज्याची राजधानी झाली. 6 जून 1674 रोजी येथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्या समारंभास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलच्या वाटेने येऊन हजर राहिला. 1680 मध्ये येथेच महाराजांचे निधन झाले, 1689 मध्ये गड झुल्फिकारखानाच्या हाती पडला, आणि गादी जिंजीस, पुढे साताऱ्यास गेली; कारभाराचा फड तर अखेरीस पुण्यास स्थिरावला. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत उरलेसुरले वाडेही भस्म झाले. ज्या गडावर राजधानीचे वैभव अभिषेकानंतर अवघी पंधरा वर्षे नांदले, त्याचेच नाव 1981 मध्ये किनाऱ्यावरच्या कुलाबा जिल्ह्याने धारण केले.

हे सारे खरे. पण सुमारे 2,700 फूट उंचीच्या या माथ्यावर राजकुटुंब, अष्टप्रधान, शिबंदी, कारखाने, दफ्तर आणि पेठ यांना वर्षभर पाणी कोठून मिळत होते? काळ आणि गांधारी या नद्या खाली दरीत वाहतात, आणि आषाढ-श्रावणात धो धो कोसळणारा कोकणचा पाऊस कड्यांवरून पाहता पाहता खाली उतरून जातो. तेव्हा येथे पाणी मिळविण्यापेक्षा ते अडविणे आणि राखणे हेच खरे स्थापत्य होते. गडाचे स्थपती हिरोजी इंदुलकर यांनी ही गोष्ट ओळखली होती. जगदीश्वराच्या मंदिरातील संस्कृत शिलालेखात गडावरील बांधकामांची जी गणना आहे, तीत वापी, कूप आणि तडाग यांचा निर्देश गजशाळा व राजगृहे यांच्या आधी येतो, आणि या क्रमात मला त्या स्थपतीची दृष्टी दिसते. इमारतींसाठी जेथून काळा पाषाण काढला, त्याच खाणीचा गंगासागर तलाव झाला असे सांगतात. म्हणजे एकाच घावात भिंतीला दगड मिळाला आणि माणसाला पाणी. हत्ती तलावाची रीत निराळी: तेथे उताराच्या तोंडाशी भक्कम बांध घालून माथ्यावरून येणारे पाणी थोपविले. कुशावर्त, काळा हौद, बारा टाकी हा सारा त्याच तजविजीचा विस्तार.

राज्याभिषेकसमयी अमात्यपद भूषविणाऱ्या रामचंद्रपंतांनी पुढे आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे असे सांगितले, आणि केवळ झऱ्यावर विसंबू नये, कारण युद्धात तोफांच्या दणक्याने झरे आटतात, सबब साठ्याची टाकी बांधून जतन करावी, असेही बजावले. हे पुस्तकी पांडित्य नव्हे. ज्याने राजधानी चालताना पाहिली, त्याचा हा अनुभव आहे.

पण बांध कितीही भक्कम असला तरी दगडाच्या सांध्यांतील चुना झिजतो, मुळ्या शिरतात आणि पाणी आपली वाट शोधते. हत्ती तलाव दीर्घकाळ गळका होता. अलीकडे रायगड प्राधिकरणाच्या कामात गळतीच्या जागा शोधून बुजविल्या, तेव्हा कोठे त्यात पाणी ठरू लागले. इतक्या वर्षांनी एक जुना तलाव पुन्हा भरावा, याचे मोल एखाद्या नव्या स्मारकाहून मला अधिक वाटते.

चिंता वेगळीच आहे. राज्याभिषेकदिन ज्येष्ठात येतो, म्हणजे जेव्हा टाक्यांनी तळ गाठलेला असतो आणि मृगाच्या पावसाकडे डोळे लागलेले असतात, नेमक्या त्या दिवसांत लक्षावधी माणसे गडावर लोटतात. जी व्यवस्था एका मर्यादित वस्तीसाठी बांधली, तिच्यावर एका दिवसात सबंध शहराचा भार पडतो. गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी धनगर कुटुंबे उन्हाळ्यात पाण्याचा हंडा किती जपून रिता करतात, ते त्यांच्या दारी ताक पिणाऱ्याने पाहिले असेल. आणि त्याच तलावांच्या काठी रिकाम्या बाटल्यांचा खचही पाहिला असेल. 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्यांत रायगड आहे. या बहुमानाने पाहुणे वाढतील, पाणी वाढणार नाही.

म्हणून सरकारास विनंती ही की, उत्सवाच्या बंदोबस्तात पाण्याची आणि कचऱ्याची तजवीज पहिल्या कलमात असावी, आणि प्रत्येक पावसाळ्यापूर्वी टाक्यांचा गाळ काढण्याचा नेम शिबंदीच्या पहाऱ्याइतकाच कडक असावा. वाचकास सांगणे इतकेच, की समाधीपुढे मस्तक टेकविल्यावर तलावांच्या काठाकाठानेही एक फेरी घाला, तेथे काही टाकू नका, आणि पिण्याचे पाणी पायथ्यापासून आपले आपण घेऊन जा.