सोनकच्छचा कोतवार

सोनकच्छ तालुक्यातल्या (जि. देवास) खेड्यांत गुन्ह्याची पहिली खबर ठाण्याला देतो कोतवार. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९च्या कलम २३० खाली त्याची नेमणूक होते. आधीच्या कोतवाराच्या नातलगाला, बाकी पात्रता सारखी असल्यास, झुकतं माप मिळतं. त्यामुळे उमेदवारी बहुधा घरातच, बापामागे गस्त घालत होते. काही गावांत मानधनासोबत सेवाभूमीही कसायला मिळते. भरती झालेल्या पोलीस शिपायासारखी मैदानावरची कवायत इथे नाही. गावातली माणसं ओळखणं हेच खरं शिक्षण. महाराष्ट्रात असंच काम करणारा पोलीस पाटील मात्र १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमला जातो. नेमणुकीच्या वेळी वय २५ ते ४५ लागतं आणि वारसाहक्क चालत नाही.