सॅम्पल विरघळवलं कशात?

एचपीएलसीची ओळख : भाग ६

मोबाइल फेज कसा ठरवायचा हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. त्यावर एवढी मेहनत घेणारी मंडळी डायल्युएंटचा, म्हणजे सॅम्पल ज्यात विरघळवायचं त्या द्रावकाचा, विचार सगळ्यात शेवटी करतात. पदार्थ विरघळला, द्रावण स्वच्छ दिसलं की वायल भरायची आणि ऑटोसॅम्पलरमध्ये ठेवायची!

सी-१८ कॉलमवर याचा परिणाम लगेच दिसतो. समजा, मोबाइल फेजमध्ये ९० टक्के पाणी आहे आणि सॅम्पल शुद्ध ॲसिटोनायट्राइलमध्ये. आत गेलेलं ते ॲसिटोनायट्राइल पाण्यात पुरतं मिसळेपर्यंत त्यातले रेणू कॉलमवर नीट थांबतच नाहीत. काही त्याच्याबरोबर पुढे निघून जातात, काही मागे धरले जातात. पीक पसरतो, कधी चक्क दुभंगतो. लवकर बाहेर पडणाऱ्या घटकांना याचा त्रास जास्त. उशिरा येणारे बहुधा सावरतात. म्हणून सुरुवातीचे पीक वेडेवाकडे आणि शेवटचे नीट दिसले, तर नवा कॉलम मागवण्याआधी २० मायक्रोलिटरऐवजी ५ इंजेक्ट करून पाहा. आकार सुधारला तर कॉलम बहुतेक निर्दोष आहे. डायल्युएंटमध्ये पाणी वाढवा. हिलिक कॉलमवर मात्र सगळं उलटं असतं, तिथे पाणीच जास्त झालं की पीक बिघडतो.

इथवर बिघडतो तो फक्त क्रोमॅटोग्राम. कायरल कॉलमच्या बाबतीत कॉलमच हातचा जाऊ शकतो, आणि तो स्वस्त नसतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ योशिओ ओकामोतो यांच्या संशोधनातून सेल्युलोज आणि अमायलोजपासून बनवलेले हे कॉलम आले (२०१९चा जपान प्राइझ त्यांना मिळाला). कायरलसेल ओडी किंवा कायरलपॅक एडीमध्ये हा पॉलिमर सिलिकाच्या कणांवर नुसता लेपलेला असतो, रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. टीएचएफ, डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म, इथाइल ॲसिटेट, ॲसिटोन, डीएमएसओ यांनी तो फुगतो किंवा विरघळून निघून जातो. मोबाइल फेजमध्ये हे कोणी घालत नाही. घात होतो तो सॅम्पलमधून. सिंथेसिसकडून आलेलं सॅम्पल नीट सुकलेलं नसलं की डायक्लोरोमिथेन त्यातूनच आत शिरतं. आधीच्या माणसाने टीएचएफ चालवून इंजेक्टरचा लूप धुतला नसेल, तरी तेच.

पुढे आलेल्या आयए, आयबी, आयसी या इमोबिलाइज्ड कॉलमांमध्ये पॉलिमर सिलिकावर पक्का बसवलेला असतो. त्यांना हे द्रावक चालतात. पण हे कॉलम आणि लेपवाले कॉलम लॅबच्या एकाच खणात शेजारी-शेजारी पडलेले असतात आणि नावात फरक जेमतेम एक-दोन अक्षरांचा. माझ्या मते खरा धोका इथे आहे.

तेव्हा लेपवाल्या प्रत्येक कॉलमवर ठळक चिठ्ठी लावा आणि तो जोडण्याआधी लूपसकट सगळी लाइन आयपीएने धुवायची, हे एसओपीत लिहा.