सोन्याची सेफ्टी पिन!

आजीच्या बांगडीत एखादी सेफ्टी पिन अडकवलेली असतेच! ती मागून घे आणि नीट बघ. जपून हं, टोक बोचतं! एका बाजूला तारेचा वेढा. त्यामुळे पिन उसळून उघडते. दुसऱ्या बाजूला टोपण. टोक त्यात गेलं की काम पक्कं!

ही युक्ती किती जुनी असेल? ओळख पाहू! शंभर वर्षं? दोनशे? छे! तीन हजार वर्षांहून जुनी!

आता चल, दोन हजार वर्षं मागे जाऊ. काळ्या समुद्राच्या उत्तरेला, आजच्या युक्रेन आणि रशियात, गवताची अफाट मैदानं आहेत. तिथे सार्मेशियन लोक राहायचे. पक्की घरं नाहीत, गावं नाहीत. जिकडे चारा, तिकडे मुक्काम! पुरुष घोड्यावर, आणि कितीतरी बायकासुद्धा!

थंडी कडाक्याची. अंगावर जाड शाल हवीच. पण घोडा दौडू लागला की ती उडणार ना? म्हणून ती पिनेनं अडकवायची! या पिनेचं नाव फिब्युला. तिलाही तस्साच वेढा, तस्संच टोक अडकवायचं घर! बऱ्याच पिना ब्राँझच्या किंवा लोखंडाच्या असत. आणि श्रीमंतांच्या? चक्क सोन्याच्या! सोन्यात निळे पिरोजे जडवायचे. दागिन्यांवर प्राणी तर किती! त्यांच्या कानांत आणि खांद्यांवरही निळे खडे!

१८६४ मध्ये तर कमालच झाली! रशियातल्या नोवोचेर्कास्कजवळ पाण्याच्या नळासाठी खोदकाम चाललं होतं. तिथल्या खोखलाच टेकाडात निघाली एक जुनी सार्मेशियन कबर. आत होता सोन्याचा मुकुट! त्याच्या वरच्या कडेवर सोन्याची झाडं, आणि झाडांकडे निघालेली हरणं! आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे! सार्मेशियन लोक कपड्यांवर सोन्याचे चिमुकले पत्रे शिवायचे. सुई जाईल एवढीच भोकं असायची त्यांना. कबरीत कापड कुजून गेलं. दोराही गेला. सोनं मात्र गंजत नाही! ते जिथल्या तिथे राहिलं.

मग उत्खनन करणारे काय करतात, माहितीये? पत्रा उचलण्याआधी त्याची जागा कागदावर टिपून ठेवतात. मनगटाशी पत्र्यांची ओळ? म्हणजे तिथे बाहीची कड! घोट्याशी ओळ? म्हणजे विजार तिथपर्यंत! कापडाचा धागाही उरलेला नाही, तरी अख्खा पोशाख कळतो!

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. जमिनीत कधी जुनं नाणं, मणी किंवा खापर दिसलं, तर खिशात टाकू नकोस. हलवूही नकोस. आधी मोठ्या माणसांना बोलावून दाखव. वस्तू जागची हलली, की तिची अर्धी गोष्ट हरवते!