सूर्य न उगवणाऱ्या गावाला एकटीने जाताना



गेल्या महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले आणि विषय निघाला प्रदर्शनाचा. गटाचे पापड आणि चटण्या घेऊन मुंबईला एकीनेच जायचं होतं, कारण दुसरीचं भाडं गटाला परवडत नव्हतं. सगळ्या गप्प. "एकटीनं कसं जायचं?" एवढंच ज्याच्या त्याच्या तोंडी. तेवढ्यात गटातल्या एका तरुण सुनेने फोनवर वाचलेलं सांगितलं, की काही बायका उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात, तेही हिवाळ्याच्या तोंडाशी, एकट्या जाऊन येतात. एक मावशी म्हणाल्या, "जीव वर आलाय का त्यांचा?" आम्ही हसलो. पण या बायका नेमकं करतात काय, ते समजून घ्यायचं ठरवलं. आज तेच तुम्हाला सांगतो.

या मुलखाला आर्क्टिक म्हणतात. नॉर्वे देशाच्याही उत्तरेला समुद्रात स्वालबार्ड नावाची बेटं आहेत. तिथलं मोठं गाव लाँगइयरब्येन, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. नॉर्वेची राजधानी ऑस्लो, तिथून विमानाने साधारण तीन तास लागतात. पृथ्वी कललेली असल्यामुळे हिवाळ्यात हा भाग सूर्याकडे पाठ करून असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य मावळतो, तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येतच नाही. सुरुवातीला दुपारी थोडा निळसर उजेड असतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर भर दुपारीही रात्रच.

पहिली तयारी कागदांची. बेटावर जायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण वाटेत नॉर्वे लागतं आणि त्यासाठी आपल्याला शेंगेन व्हिसा काढावा लागतो. तो दोनदा प्रवेशाचा हवा. एकदाच्या प्रवेशाचा काढला, तर परतताना पंचाईत होते.

दुसरी तयारी कपड्यांची. एकच जाड कोट घालून भागत नाही, थरावर थर घालायचे. अंगालगत लोकरीचं, त्यावर उबदार, सर्वांत वर वारा अडवणारं. सुती कपडा अंगालगत नको, कारण तो घाम धरून ठेवतो आणि ओला कपडा अंग गारठवतो. लोकर ओली झाली तरी ऊब देते. आपल्या धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणून पावसातही खांद्यावर घोंगडी असते. कानातलं, बांगड्या काढून ठेवायच्या, कारण धातू लवकर गार पडतो. बोटं, नाक किंवा कान पांढरे पडून बधिर झाले, तर चोळायचं नाही. लगेच आडोशाला जाऊन अंगाच्या उबेनेच ते गरम करायचे. फोनची बॅटरी थंडीत झटकन उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवायचा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिथे पांढरी अस्वलं आहेत, आणि अंधारात ती दिसत नाहीत. म्हणून वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पिटाळण्याचं साधन जवळ असलंच पाहिजे, असा कायदा आहे. पाहुण्या बाईने बंदूकवाल्या वाटाड्याबरोबरच जायचं. म्हणजे बघा, घरून ती एकटी निघाली, तरी गावाबाहेर एकटी पाऊल टाकत नाही. कुठे जाते, किती वाजता परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघायचं. गावातही डोक्याला दिवा आणि अंगावर चमकणारा पट्टा लावायचा.

याच बेटांवर १९३४ साली क्रिस्टियाने रिटर ही ऑस्ट्रियाची बाई नवऱ्याकडे राहायला गेली होती. तो शिकारीला गेला, की छोट्या झोपडीत ती एकटीच. वादळात दार बर्फाने बुजायचं. ती फावड्याने वाट काढायची, कोळसा आणायची, चूल पेटती ठेवायची. पुढे तिने यावर पुस्तकही लिहिलं. तिने धीर धरला तो रोजचं काम न सोडता.

आणखी एक गोष्ट ऐकून मावशी गप्पच झाल्या. लाँगइयरब्येनजवळ डोंगराच्या पोटात जगभरच्या बियाण्यांची कोठी आहे, २००८ साली सुरू झालेली. आत उणे १८ अंश थंडी ठेवतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ज्वारी-बाजरीचं बियाणं तिथे ठेवलं आहे. पाहुण्यांना आत सोडत नाहीत, दार बाहेरूनच बघायचं. पण आपली ज्वारी तिथवर पोचली आहे! गावात हॉटेलात, संग्रहालयात शिरताना पायताण दारातच काढायची रीत आहे. कोळशाच्या खाणी होत्या तेव्हापासूनची. तेवढं मात्र आपल्या घरासारखंच.

आर्क्टिकला जायचा खर्च आपल्या आवाक्यातला नाही, हे खरं. पण त्या बायकांची रीत फुकट आहे. कागद आधी तपासायचे, कुठे धोका आहे ते जाणत्या माणसाला विचारायचं, निरोप ठेवून निघायचं.

आम्ही तसंच केलं. तिकिटाची एक प्रत गटाकडे ठेवली. उतरल्यावर, मुक्कामी पोचल्यावर आणि रात्री आठला फोन करायचा ठरला. साडेआठपर्यंत फोन आला नाही, तर कोणी कुणाला फोन लावायचा, तेही वहीत लिहिलं. ते वाचून जिने आधी सर्वांत जास्त मान हलवली होती, तीच म्हणाली, "मी जाते."

येत्या मंगळवारी ती निघते आहे.