24 व्होल्टची गाडी, 12 व्होल्टचा रेडिओ

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील, मांजरा नदीच्या खोऱ्यातील गाव. मांजरा धरण याच तालुक्यात धनेगावाजवळ असले, तरी दसरा-दिवाळीनंतर या भागातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. त्यांना नेणारे ट्रक पुढे गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे पट्टा पडेपर्यंत, फडातून कारखान्यावर ऊस ओढत राहतात. या ट्रकचालकाच्या दिनक्रमात स्टिअरिंगइतकीच सोबत टेपची असते. टेप म्हणजे डॅशबोर्डमधला, पूर्वी कॅसेटवर व आता पेनड्राइव्हवर चालणारा रेडिओसह संच. हा संच नीट चालत नाही याचे कारण चालकाच्या हलगर्जीपणात शोधण्यापेक्षा गाडीच्या वायरिंगमध्ये आणि त्याच्या कामाच्या घडणीत शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

चालकांचा रेडिओ म्हटला की परदेशी वाचकाला दुतर्फा संभाषणाचा संच आठवतो, कारण अमेरिकेत 1973 च्या तेलसंकटानंतर 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील असे संच ट्रकचालकांत फार लोकप्रिय झाले. भारतातही त्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट मिळाली, परंतु ती 5 वॅटच्या मर्यादेत आणि संचातच बसवलेल्या एरियलपुरती, त्यामुळे केबिनवर उंच एरियल उभारून मैलोन्‌मैल बोलण्याची सोय तिच्यात बसत नाही. मराठवाड्यातील चालकाने ती उणीव मोबाइलने भरून काढली. रेडिओ मात्र त्याच्यासाठी ऐकण्याचेच साधन राहिला.

केज तालुक्यातून बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज या वाटेने कोल्हापूरकडे जाणाऱ्या चालकाच्या रेडिओची सुई परभणीच्या 1305, सोलापूरच्या 1602 आणि सांगलीच्या 1251 किलोहर्ट्झ अशा मध्यम लहरींच्या केंद्रांवरून फिरत असे. 1305 किलोहर्ट्झची लहर सुमारे 230 मीटर लांब असते आणि तिच्या एक-चतुर्थांश लांबीचे आदर्श एरियल 57 मीटरचे होईल, म्हणजे केबिनबाहेरची हातभर काडी तिच्यासाठी अगदीच तोकडी पडते. एफएमच्या 100 मेगाहर्ट्झला तीच काडी पाऊण मीटरची पुरते आणि आवाजही स्वच्छ येतो, परंतु या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने डोंगर आडवा आला किंवा प्रक्षेपण मनोरा दूर राहिला की केंद्र सुटते. मध्यम लहर रात्री वातावरणाच्या उंच थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जाते. ती येते क्षीण होऊन, आणि नेमकी गाडीच्या स्वतःच्या गोंगाटात बुडते.

हा गोंगाट उमजून घेण्याजोगा आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसल्यामुळे पेट्रोल गाडीतली ठिणग्यांची करकर येथे नसते; येथला आवाज येतो तो चालक ज्याला सवयीने डायनामो म्हणतात त्या अल्टरनेटरमधून. तो निर्माण करतो प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, जी डायोडांमधून एकदिश करून बॅटरीला दिली जाते, परंतु तिच्यात लहानशी लाट उरते आणि स्पीकरमधून ती शिट्टीसारखी ऐकू येते. इंजिनाचा वेग वाढला की शिट्टी चढते, उतरला की उतरते. एखादा डायोड निकामी झाला तर ती एकाएकी कर्कश होते. अनुभवी कान डॅशबोर्डवरील दिव्याच्याही आधी या शिट्टीवरून चार्जिंगचा बिघाड ओळखू शकतो, आणि ज्या यंत्राकडे केवळ करमणूक म्हणून पाहिले जाते ते असे निदानाचे साधन ठरावे, ही खरोखर आदर वाटावा अशी गोष्ट आहे.

मोठा पेच व्होल्टचा आहे. अवजड ट्रकची विद्युत यंत्रणा साधारणपणे 24 व्होल्टची, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेली असते, तर बाजारातले बहुतेक टेप मोटारींसाठी बनवलेले, 12 व्होल्टचे असतात. यावर शहाणा मार्ग व्होल्ट कमी करणाऱ्या कन्व्हर्टरचा. पण स्वस्त कन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा वीज तोडत-जोडत असल्याने त्याचा खरखराट थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरतो आणि परभणी किंवा सांगली त्याखाली गाडली जाते. दुसरा मार्ग फुकटचा असतो: दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढायची. आवाज बरा येतो, परंतु ती एक बॅटरी रोज थोडी अधिक उतरते आणि दोघींना चार्जिंगचा प्रवाह मात्र सारखाच मिळत असल्याने दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते. अशा रीतीने एका गाण्यापायी जोडीच अकाली जाते.

फडावरून भरून आलेली खेप कारखान्याच्या अड्ड्यावर लागली की हे दुखणे उफाळते. आधी वजनकाटा आणि मग गव्हाण, म्हणजे जेथे ऊस उतरवून गाळपाकडे नेला जातो ती जागा. तेथवर नंबर लागायला कित्येक तास जातात, कधी रात्रही जाते. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद असते, रेडिओ चालू असतो आणि अल्टरनेटर थांबलेला असल्याने प्रत्येक गाणे बॅटरीतून वजा होते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तासांची, आणि लांबच्या प्रवासात 10 तासांपर्यंतची, मर्यादा घातली होती. मात्र तळावर नुसते हजर राहण्याचा काळ 15 मिनिटांहून कमी असेल तरच कामाच्या तासांत धरला जाई, आणि राज्य शासनाने अन्यथा ठरवले नसेल तर पाचांहून कमी कामगार असलेला व्यवसाय या कायद्याबाहेरच राही. एक-दोन ट्रकवाल्या मालकाचा किंवा मुकादमाचा चालक त्यामुळे कायद्याच्या कक्षेत क्वचितच येई. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही स्वागतार्ह सुधारणा आहे, परंतु ऊसवाहतुकीत राबणाऱ्या जुन्या गाड्यांना ती लागू नाही, आणि बंद इंजिनाच्या रांगेत थंड हवाही बॅटरीवर फार काळ टिकणारी नाही.

अड्ड्यावर डोळा लागू द्यायचा नसतो, कारण पुढची गाडी सरकली आणि मोकळी जागा भरली नाही तर नंबर जाण्याची भीती. म्हणून जागे राहण्यासाठी रेडिओ हवा, आणि रेडिओ चालू ठेवला तर पहाटे सेल्फ मारल्यावर नुसती टकटक ऐकू येते. उसाने भरलेला ट्रक माणसांच्या धक्क्याने सुरू होत नाही. मग शेजारच्या गाडीची बॅटरी उसनी मागावी लागते किंवा ट्रॅक्टरला साखळी लावून ओढून घ्यावे लागते, मागून हॉर्न सुरू होतात, आणि तोडल्यापासून वाळत चाललेला ऊस त्या अवधीत आणखी थोडे वजन गमावतो.