ओळ पाठवा, उत्तर घ्या

पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, मृतसाठा ७३८, एकूण २,९०९. पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरचा माणूस पेपर उघडला की आधी जायकवाडीचा टक्का बघतो, आणि तो टक्का उपयुक्त साठ्याचा असतो. समजा, आज धरणात एकूण २,२३८ दलघमी पाणी आहे. पायथन शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने घाईघाईत त्याला २,१७१ने भागलं, तर उत्तर येईल १०३ टक्के. म्हणजे दरवाजे उघडायची वेळ झाली! मृतसाठा आधी वजा केला तर उरतात १,५००, आणि टक्का येतो ६९.

ही चूक कधी ध्यानात येते, हा खरा प्रश्न. आपल्याकडे प्रॅक्टिकलची रीत ठरलेली आहे. अख्खा प्रोग्राम लिहा, सेव्ह करा, रन करा, आउटपुट जर्नलला लावा, सही घ्या. सगळं लिहून झाल्यावर १०३ दिसलं की कुठली ओळ खोटं बोलतेय ते हुडकत बसायचं. दुसरी रीत अशी की पडद्यावर दोन खिडक्या मांडायच्या. एकीत एडिटर आणि त्यात आपली फाइल, दुसरीत पायथनचा प्रॉम्प्ट, चालू अवस्थेत. भागाकाराची ओळ एडिटरमध्ये लिहिली, शिफ्ट-एंटर दाबलं, ओळ पलीकडे गेली, उत्तर आलं. १०३ दिसताच हात थांबतो, कारण तोवर पुढचं काही लिहिलेलंच नसतं.

व्हीएस कोडमध्ये पायथनचं एक्स्टेन्शन टाकलं की ही सोय मिळते. आरस्टुडिओत तेच काम कंट्रोल-एंटर करतं. इमॅक्सवाले निवडलेला भाग कंट्रोल-सी, कंट्रोल-आरने पाठवतात. बोटांची सवय वेगळी, काम एकच.

ही कल्पना पायथनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. लिस्प भाषेवर जॉन मॅकार्थी यांचा निबंध १९६०चा. वाच, मोजून बघ, छाप, पुन्हा वाच, हे चक्र लिस्पवाल्यांच्या अंगवळणी पडलं ते साठच्या दशकात. इमॅक्स १९७६मध्ये एमआयटीत जन्मला, आणि लिस्पवाल्यांनी एडिटर व चालू प्रोग्राम यांची मोट बांधली. त्यातला सगळ्यात देखणा जोड म्हणजे २००३च्या सुमाराला आकाराला आलेला स्लाइम. त्याचं एक टोक इमॅक्समध्ये असतं, आणि दुसरं, स्वँक नावाचं, चालू लिस्पच्या पोटात. दोघं ४००५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतात. प्रत्येक निरोपाच्या आधी तो किती लांब आहे ते सहा अंकांत सांगितलेलं असतं, म्हणजे निरोप कुठे संपला यावर वाद नको.

हा बारकावा क्षुल्लक वाटेल, पण सगळी गोम तिथेच आहे. बरेच साधे जोड निरोप-बिरोप काही पाठवत नाहीत. तुम्ही लिहिलेला मजकूर टर्मिनलमध्ये टंकल्यासारखा ओतून मोकळे होतात. टक्का काढणारं फंक्शन तुम्ही लिहिलं आणि वाचायला बरं म्हणून मध्ये एक ओळ कोरी सोडली. फाइल म्हणून ते बिनतक्रार चालतं. पायथनच्या जुन्या प्रॉम्प्टला मात्र कोरी ओळ म्हणजे फंक्शन संपल्याची खूण. तो अर्ध्या फंक्शनवरच समाधान मानतो आणि पुढची आत सरकवलेली ओळ आली की इंडेंटेशन एरर फेकतो. पोरं बिचारी स्पेस मोजत बसतात! चूक त्यांची नसतेच, जोडाची असते. शहाणे जोड म्हणूनच मजकूर नीट करून किंवा एकगठ्ठा पाठवतात. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या पायथन ३.१३च्या प्रॉम्प्टने खास पेस्टसाठी वेगळी सोयच दिली. इतकी वर्षं का लागली, देव जाणे.

पायथनचा प्रॉम्प्ट सुधारायचा प्रयत्न त्याआधीच सुरू झाला होता. फर्नांडो पेरेझ यांनी २००१मध्ये कोलोरॅडोत पीएचडी करताकरता आयपायथन हा अधिक सोयीचा प्रॉम्प्ट लिहायला घेतला. २०११मध्ये त्यातला हिशेब करणारा भाग आणि पडद्यावरचा भाग वेगळे झाले. मग एडिटर, ब्राउझर, टर्मिनल, कुणीही त्याच चालू सत्राशी जोडून घेऊ लागलं. त्यातूनच २०१४मध्ये ज्युपिटर उभं राहिलं.

महाराष्ट्रात या पद्धतीच्या शिक्षणाला आयआयटी मुंबईने हात दिला. तिथल्या फॉसी प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर कॉलेजांत नेलं. पायथनमधलं त्रिमितीय चित्रणाचं मायावी हे साधन लिहिणारे प्रभू रामचंद्रन तिथेच एरोस्पेस विभागात शिकवतात. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाच्या पायथन पाठांत आयपायथनच्या प्रॉम्प्टवर टंकलेल्या ओळी परत काढून फाइलमध्ये कशा जतन करायच्या तेही दाखवलं आहे, म्हणजे उलट दिशेचा प्रवास. इथे छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात नाइलिट या सरकारी संगणक-शिक्षण संस्थेचं केंद्र आहे, आणि नाइलिटच्या ओ लेव्हल अभ्यासक्रमात पायथनचा पेपर आहे. शिकायला साधन नाही, ही सबब आता चालायची नाही.

पायथन ३मध्ये चलांची नावं मराठीत चालतात. साठा, मृतसाठा, टक्का असं सरळ लिहा. आकडे मात्र फाइलमध्ये इंग्रजीच लागतात. देवनागरी आकडे अवतरणात घालून इंट फंक्शनला दिले तर ते निमूट संख्या करून देतं. अशा शंका पुस्तकात शोधण्यापेक्षा ओळ पाठवून विचारलेल्या बऱ्या.

आता या सोयीची काळी बाजू. चालू सत्राला स्मरणशक्ती असते. मृतसाठा ७३८ ही ओळ तुम्ही थेट प्रॉम्प्टवर टंकली, फाइलमध्ये लिहायला विसरलात, तरी दिवसभर सगळं बरोबर चालतं. संध्याकाळी मशीन बंद, सकाळी तीच फाइल चालवली की मृतसाठा कोण, असं पायथन विचारतं. त्याहून वाईट म्हणजे आकडा तिथे ७८३ टंकला गेला असेल तर एरर येतच नाही. टक्का ६९ऐवजी ६७ येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्युपिटरच्या नोटबुकांवर हाच आक्षेप जोएल ग्रुस यांनी २०१८च्या ज्युपिटरकॉनमध्ये, ज्युपिटरवाल्यांच्याच मांडवात उभं राहून घेतला होता. माझ्या मते तो आक्षेप नोटबुकापुरता नाही, प्रत्येक जिवंत जोडाला लागू आहे. प्रॉम्प्ट ही कच्ची वही आणि फाइल ही पक्की. कच्च्यातलं पक्क्यात उतरलं नाही तर हिशेब जुळणार कसा?

म्हणून प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. जर्नलवर सही करण्याआधी विद्यार्थ्याला सत्र बंद करून नवं उघडायला लावा आणि फाइल पहिल्या ओळीपासून चालवून दाखवायला सांगा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. चालली तरच सही द्या.